पाच दात आणि एक वही
न्यू जर्सीच्या ओढ्यात शार्कचे जीवाश्म शोधू इच्छिणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबे आणि उन्हाळ्यात मुला-नातवंडांकडे जाणारे आजी-आजोबा यांच्यासाठी हा लेख आहे. एडिसनहून गाडीने निघाले की तासाभराच्या आत ७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळावर पाय ठेवता येतो, हे तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. मॉनमाउथ काउंटीत, कोल्ट्स नेक आणि मार्लबरो या गावांच्या परिसरातून बिग ब्रूक नावाचा ओढा वाहतो. एरवी पाणी बहुतेक जागी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत असते, दोन्ही काठांना गर्द झाडी आहे. या ओढ्याच्या वाळू-गोट्यांत शार्कचे दात सापडतात. ते शोधायची आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत घरी न्यायची मुभा कोणालाही आहे.

छंद म्हणून हा अतिशय सोपा आहे. खर्च जवळजवळ नाही, शिक्षणाची अट नाही, आणि पहिल्याच फेरीत काहीतरी हाती लागण्याची शक्यता चांगली असते. म्हणूनच एक गोष्ट आधी सांगायला हवी. दात सापडणे हा या छंदाचा अर्धाच भाग झाला. तो कुठे, केव्हा आणि कशा अवस्थेत सापडला याची नोंद हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते जास्त मोलाचा भाग. नोंद नसलेला दात शोभेच्या कपाटात छान दिसतो, पण त्याला काही विचारता येत नाही. नोंद असलेला दात पुरावा असतो.

नोंदीने काय फरक पडतो

याचे उदाहरण न्यू जर्सीतच आहे. हॅडनफील्ड या गावी १८३०च्या दशकात एका शेतातल्या खाणीत काम करताना मोठमोठी हाडे निघाली. शेताच्या मालकाने ती घरात मांडून ठेवली. येणारे-जाणारे पाहुणे एकेक हाड आठवण म्हणून घेऊन गेले, आणि ती हाडे कायमची नाहीशी झाली. १८५८ मध्ये विल्यम पार्कर फोक या हौशी अभ्यासकाच्या कानावर ही हकीकत आली. त्यांनी ती जागा शोधून काढली, पुन्हा खणली आणि उरलेली हाडे वर काढली. जीवाश्मतज्ज्ञ जोसेफ लायडी यांनी त्या हाडांचा अभ्यास केला आणि त्या प्राण्याला हॅड्रोसॉरस फोकी असे नाव दिले. १८६८ मध्ये फिलाडेल्फियात या प्राण्याचा सांगाडा उभा करून लोकांना दाखवण्यात आला. सांगाड्याच्या रूपात उभा राहिलेला तो जगातला पहिला डायनोसॉर. पण त्याची कवटी अंदाजाने घडवावी लागली, कारण खरी कवटी मिळालीच नाही. पाहुण्यांनी नेलेल्या हाडांत काय काय होते, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या लॅमेटा थरांत डायनोसॉरच्या काळातल्या प्राण्यांची विष्ठा दगड होऊन टिकली आहे. दिसायला ते मातकट गोळे, कोणी वळूनही पाहणार नाही असे. २००५ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी त्यांत गवताच्या पेशींतले वाळूसारखे सूक्ष्म कण सापडल्याचे प्रसिद्ध केले. डायनोसॉर असताना गवत होते, इतकेच नव्हे तर त्याचे निरनिराळे प्रकारही होते, हे त्यातून सिद्ध झाले. तोवरची समजूत वेगळी होती. ते गोळे कोणत्या थरातले आहेत हे निश्चित ठाऊक होते, म्हणूनच हा निष्कर्ष निघाला. तेच गोळे कोणाच्या टेबलावर नाव-गाव नसताना पडून असते, तर त्यांतले गवत दिसूनही काही ठरवता आले नसते.

समुद्राचा तळ ओढ्यात कसा आला

क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच वर होती आणि न्यू जर्सीचा आग्नेयेकडचा मोठा भाग पाण्याखाली होता. त्या समुद्राच्या तळावर साचलेले वेनोना, माउंट लॉरेल आणि नेव्हसिंक हे थर आज बिग ब्रूकच्या काठांत उघडे पडले आहेत. त्यांचे वय ढोबळमानाने ७ ते साडेसात कोटी वर्षे. नेव्हसिंकच्या थरात ग्लॉकोनाइट नावाचे हिरवट खनिज भरपूर आहे. हीच माती मार्ल म्हणून ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकात शेतकरी ती खणून खत म्हणून शेतात टाकत. मार्लबरोचे नाव तिच्यावरूनच पडले, आणि हॅडनफील्डची ती खाणही मार्लचीच होती.

हे शार्क त्या समुद्रात पोहत होते तेव्हा सह्याद्रीचा काळा दगड अजून बाहेर पडायचा होता. दख्खनचा लाव्हा वाहिला तो क्रिटेशस संपता संपता, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणूनच सह्याद्रीच्या कातळात शार्कचे दात शोधण्यात अर्थ नाही. तो कातळ लाव्ह्यातून झालेला आहे.

पावसाळी पाणी ओढ्याचे काठ कापते. माती आणि बारीक वाळू वाहून जाते, जड वस्तू गोट्यांसोबत मागे राहतात. दात सापडतात ते अशा खडीत. एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. खडीतला दात आपल्या मूळ थरातून आधीच सुटलेला असतो. तीन थरांतला माल तिथे एकत्र होतो. हिमयुगातल्या घोड्याचा किंवा मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या प्राण्याचा दातही त्यात मिसळलेला आढळतो. त्यामुळे तो कोणत्या थरातला हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, पण ओढ्याच्या कोणत्या भागात सापडला हे सांगता येते. त्या दाताचा तेवढाच पत्ता आता उरलेला आहे. तोही आपण लिहिला नाही, तर तो आपल्या हातून पुसला जातो.

शार्कचे दातच का सापडतात

मोरीचे किंवा मुशीचे कालवण खाणाऱ्यांना ठाऊक असते की तिच्यात टोचणारे काटे नसतात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि तो सहसा कुजून जातो. दात मात्र टणक फॉस्फेटचे असतात, वर काचेसारखा गुळगुळीत थर असतो. शिवाय ते आयुष्यभर पडत राहतात आणि मागच्या रांगेतले पुढे सरकत राहतात. एकेका शार्कचे जन्मभरात हजारो दात पडतात. यामुळे शार्क नाहीसे झाले तरी त्यांचे दात समुद्राच्या तळावर साचत गेले.

दाताच्या रंगावरून वय ठरवू नका. काळा, राखाडी, तपकिरी, पिवळसर हे रंग ज्या मातीत तो पडून होता तिच्यातल्या खनिजांचे असतात. काळा दात पिवळ्या दातापेक्षा जुना, असे काही नसते.

नियम आधी, ओढा नंतर

बिग ब्रूकचे नियम मोजकेच आहेत आणि प्रत्येकाला कारण आहे.

१. एका व्यक्तीने एका दिवसात जास्तीत जास्त ५ जीवाश्म न्यावेत.
२. खुरप्याचे पाते ६ इंचांपेक्षा लांब नसावे. फावडी, कुदळी आणायच्या नाहीत.
३. चाळणीची बाजू १८ इंचांपेक्षा मोठी नसावी.
४. काठ खणायचे नाहीत. शोध फक्त ओढ्याच्या पात्रातल्या खडीत घ्यायचा.
५. विक्रीसाठी काहीही गोळा करायचे नाही.

काठ खणण्याच्या बंदीबद्दल काही जण कुरकुर करतात. पण काठ पोखरला की झाडे कोसळतात, दरड सुटते आणि खाली बसलेल्या माणसाच्या अंगावरही येऊ शकते. थराचा खरा पुरावाही त्या काठातच आहे. तो अभ्यासकांसाठी जागच्या जागी राहायला हवा. नियम बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी तिथल्या प्रशासनाची ताजी सूचना वाचा आणि हिल्सडेल रोडजवळच्या वाहनतळावर पोचल्यावर तिथला फलकही वाचा. संरक्षित भागाच्या पलीकडे खासगी जमीन आहे. तिथे मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

सोबत काय घ्यावे

गुडघ्यापर्यंतचे गमबूट किंवा पाण्यातले जुने बूट. अनवाणी किंवा चपलांवर उतरू नका, पात्रात काचा आणि गंजलेले लोखंड असू शकते. पाव इंच जाळीची एक चाळणी पुरते. बारीक दातांची गोडी लागली की तिच्याखाली धरायला आणखी बारीक जाळीची दुसरी घ्या. लहान खुरपे, गोळ्यांच्या रिकाम्या डब्या, थोडा कापूस, झिपच्या पिशव्या, मोजपट्टी, पेन्सिल आणि खिशात मावणारी वही. पेन्सिल अशासाठी की ओल्या कागदावर शाई पसरते. फोन पाण्यापासून जपायला एक बंद पिशवी. वयस्कर मंडळींनी हातात काठी ठेवावी. पात्रातली चिकणमाती फार निसरडी असते, आणि ओढ्यात उतरायची वाट बऱ्याच ठिकाणी उभ्या उताराची आहे.

मॉनमाउथ काउंटीत गोचीड पुष्कळ आहेत आणि त्यांच्या चाव्यातून लाइम हा आजार होतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट घाला, पँटचे टोक मोज्यात खोचा, कीटकरोधक लावा. घरी आल्यावर त्याच दिवशी काखा, गुडघ्यांची मागची बाजू, केसांची मुळे, कंबर नीट तपासा. मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, आणि नंतरच्या दिवसांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला तर लगेच डॉक्टरांकडे जा. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ही वेल काठावर सर्रास असते. तिचा स्पर्श झाला की अंगावर खाजरे फोड येतात. मुलांना ती आधीच ओळखायला शिकवा.

परिसरात घोड्यांच्या पागा आहेत, त्यामुळे ओढ्याचे पाणी स्वच्छ समजू नका. अंगावर जखम असेल तर ती झाकून घ्या आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवा. जोरदार पावसाच्या दिवशी आणि पाणी गढूळ, वेगाने वाहत असेल तेव्हा उतरू नका. पूर ओसरून पाणी निवळले की त्यानंतरचा दिवस सगळ्यांत चांगला, कारण नवी खडी वर आलेली असते. हिवाळ्याच्या पुरानंतरचे मार्च-एप्रिल हे दिवस जाणकारांना प्रिय आहेत. तेव्हा झाडीही विरळ असते आणि डास नसतात.

शोधायचे कसे

पुलाजवळच्या पहिल्याच खडीत गर्दी असते. थोडे चालत पुढे जा. ओढ्याच्या वळणाच्या आतल्या बाजूला साचलेली खडी, पाणी खळाळत उतरते तिथले गोटे आणि पडलेल्या ओंडक्यामागचा साठा या तीन जागा आधी पाहा. निव्वळ वाळू आणि निव्वळ चिखल टाळा. सुपारीएवढ्या गोट्यांसोबत बारीक खडी असेल तर तिथे थांबा.

खुरप्याने दोन-तीनदा खडी चाळणीत घ्या, जास्त भरू नका. चाळणी पाण्यात बुडवून हलवा, गाळ निघून जाऊ द्या, मग उजेडाकडे तोंड करून पाहा. इथे घाई करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तांदूळ निवडताना नजर जशी खड्यावर आपोआप जाते, तशी ती इथे दातावर जायला थोडा वेळ लागतो. दोन खुणा शोधा. एक, वरच्या भागाची चकाकी आणि मुळाचा खरखरीत मंदपणा, हे दोन्ही एकाच वस्तूवर. दुसरी, आकारातला नेमकेपणा. गोटा कसाही झिजतो, दाताला मात्र टोक, कडा आणि मूळ असते. लोहाचे तपकिरी खडे आणि शिंपल्यांचे तुकडे सुरुवातीला फसवतात. शंका आली तर डबीत ठेवा आणि शेवटी निवांत पाहा.

चाळणी पुन्हा भरण्यापूर्वी आधीची खडी त्याच जागी टाका, खड्डे बुजवा.

काय सापडेल, कसे ओळखाल

गॉब्लिन शार्क (स्कॅपॅनोरिंकस): लांब, निमुळता, सुईसारखा दात. आतल्या बाजूला उभ्या बारीक रेघा असतात आणि मूळ फुगीर असते. बिग ब्रूकमध्ये तो नेहमी सापडतो. मोठा आणि अखंड नमुना मिळाला तर तो दिवस चांगला गेला असे समजा.

क्रो शार्क (स्क्वॅलिकोरॅक्स): रुंद, एका बाजूला कललेला त्रिकोण, कडेला करवतीसारखे दाते. बोटाने हळूच कडा चाचपली की खात्री होते. हा शार्क मेलेल्या प्राण्यांवरही ताव मारत असे. अमेरिकेत समुद्रात वाहून आलेल्या डायनोसॉरच्या हाडांतही याच्या चाव्याच्या खुणा मिळाल्या आहेत.

मॅकरेल शार्कच्या कुळातले दात (आर्किओलॅम्ना, क्रेटॅलॅम्ना): मधोमध मोठे टोक आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटे टोक. कडा गुळगुळीत. बाजूची टोके सहज तुटतात, म्हणून कापसात ठेवा.

करवत माशाच्या तुंडावरचे काटे (इस्किरायझा): हा खरे तर जबड्यातला दात नसतो, लांब तुंडाच्या कडेचा काटा असतो. मुळाशी खाच असते.

एन्कोडस: शार्क नसलेल्या एका शिकारी माशाचा सुळा. चपटा, किंचित वाकलेला.

बेलेम्नाइट: माखलीच्या दूरच्या नातलगाचा शरीरातला टणक भाग. बंदुकीच्या गोळीसारखा आकार, उजेडात धरला की मधासारखा रंग दिसतो. सुरुवात करणाऱ्यांना तो पटकन सापडतो.

शिंपले: एक्सोजायरा आणि पिक्नोडोन्टी हे जाड, वेडेवाकडे कालव. ते जड असतात, पण सुकताना पापुद्रे सुटतात.

मोसासॉरचा, म्हणजे त्या समुद्रातल्या प्रचंड सरपटणाऱ्या शिकाऱ्याचा दात क्वचित मिळतो. तो शंकूसारखा असतो आणि त्याच्या अंगावर दोन धारा असतात.

जातीपर्यंत नाव लावण्याची घाई करू नका. झिजलेल्या दाताला नुसते ‘क्रो शार्क’ म्हणणे प्रामाणिक आहे. खात्री नसताना लॅटिन नाव लिहिले, तर ती चूक पुढच्या माणसाकडे नोंदीसोबत जाते.

पाचांची निवड

दिवसअखेर सगळ्यांनी आपापल्या डब्या एका सपाट गोट्यावर रिकाम्या कराव्यात आणि पाच वस्तू निवडाव्यात. मुलांसाठी याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. मोठा पण मोडका दात घ्यायचा की लहान पण अखंड? आधीच घरी असलेला प्रकार पुन्हा हवा का, की यावेळी पहिल्यांदा दिसलेला शिंपला न्यायचा? मुले वाद घालतात, नीट पाहू लागतात, तुलना करतात. उरलेले सर्व ओढ्यात जिथे मिळाले तिथेच सोडा. ते दुसऱ्या कोणाला तरी सापडतील.

निवडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद तिथेच, पाय ओले असतानाच करा. घरी गेल्यावर करू म्हटले की डब्या एकमेकींत मिसळतात. वहीत लिहा: तारीख, काउंटी आणि ओढ्याचे नाव, जवळचा पूल आणि त्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, फोनवरचे अक्षांश-रेखांश, पात्रातल्या खडीत की अन्यत्र, कोणाला मिळाला. मोजपट्टी शेजारी ठेवून एक फोटो घ्या. आजोबांनी मराठीत लिहिले तर काही बिघडत नाही, पण जागेचे नाव इंग्रजीतही लिहून ठेवा. उद्या हा संग्रह तिथल्या संग्रहालयाकडे गेला तर त्यांना तो वाचता यायला हवा.

घरी आल्यावर

दात साध्या पाण्यात बुडवून मऊ टूथब्रशने हळू घासा. व्हिनेगर, लिंबू, ब्लीच यांपैकी काही लावू नका. दात फॉस्फेटचा आहे आणि आम्लाने त्याचा पृष्ठभाग खराब होतो. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. सावलीत, कागदावर, एक-दोन दिवस सुकू द्या. मार्लमधले शिंपले आणि हाडे तर फारच सावकाश वाळवा, नाहीतर तडे जातात.

तुटलेला दात जोडायचा असेल किंवा भुसभुशीत हाड घट्ट करायचे असेल तर झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. तो पुन्हा निघत नाही. संग्रहालये पॅरालॉइड बी-७२ नावाचे राळेसारखे द्रव्य ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. ते हवे तेव्हा ॲसिटोननेच काढता येते. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि मुलांना दूर ठेवून करा, कारण ॲसिटोन पेट घेते. चकाकी यावी म्हणून वार्निश किंवा तेल कधीच लावू नका.

आता क्रमांक. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या: उदाहरणार्थ, बिग ब्रूकसाठी ‘बिब्रू-१’ असा. दाताच्या मुळावर, चकचकीत भागावर नव्हे, पॅरालॉइडचा छोटा ठिपका द्या. तो सुकला की त्यावर बारीक टोकाच्या शाईने क्रमांक लिहा आणि वर पुन्हा एक पातळ थर द्या. फारच लहान दात असेल तर क्रमांक डबीवर आणि आत ठेवलेल्या चिठ्ठीवर लिहा. तोच क्रमांक वहीत. वहीतली प्रत्येक ओळ संगणकावरही उतरवून ठेवा. क्रमांक वस्तूवर आणि माहिती दोन ठिकाणी असली की घर बदलताना, डबे उलटताना किंवा एका पिढीकडून दुसरीकडे जाताना काही हरवत नाही.

साठवणीला कोरडी जागा हवी. न्यू जर्सीतल्या तळघरात उन्हाळ्यात दमट हवा असते आणि पायराइट असलेल्या हाडांची त्यात पावडर होऊ लागते. हाडावर पांढरट-पिवळट बुरशीसारखा थर दिसला तर ते हाड लगेच वेगळे काढा.

हात आवरायचे प्रसंग

काठातून हाडाचे टोक बाहेर आलेले दिसले, एकापाठोपाठ एक मणके दिसले, दातांसकट जबडा दिसला, तर तिथेच थांबा. ओढून काढू नका. फोटो घ्या, जागा नोंदवा, आणि तिथल्या प्रशासनाला किंवा ट्रेंटनच्या न्यू जर्सी स्टेट म्युझियमला कळवा. तज्ज्ञ येऊन तो थर, दिशा, आजूबाजूची माती सगळे टिपून घेतात, आणि आपल्या खुरप्याने पाच मिनिटांत जे नष्ट झाले असते ते टिकते.

दगडी बाणाची टोके किंवा मातीच्या भांड्यांचे तुकडेही कधीकधी दिसतात. ते इथल्या मूळ रहिवाशांचे आहेत, जीवाश्म नव्हेत. ते जागेवर ठेवून कळवा.

बाजारातले दात विकत घेऊन संग्रह वाढवण्याचा मोह होतो. मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींतून आलेले दात जगभर स्वस्तात विकले जातात आणि त्यांत दुसऱ्याच मुळाला चिकटवलेले दातही असतात. खरा असला तरी त्याच्याबरोबर जागेची नोंद क्वचितच येते. नातवाला भेट द्यायची असेल तर जरूर घ्या, पण वहीतल्या संग्रहात तो मिसळू नका.

ओढ्यापलीकडे

ज्यांना ओढ्यात उतरणे जमत नाही त्यांच्यासाठी मँटुआ गावी रोवन विद्यापीठाचे एडेलमन फॉसिल पार्क आणि म्युझियम आहे. ते २०२५ मध्ये उघडले. जुन्या मार्ल खाणीत डायनोसॉरच्या अंतकाळाजवळचा थर तिथे प्रत्यक्ष पाहता येतो, आणि पूर्वनोंदणी करून देखरेखीखाली खोदण्याची सोयही आहे.

मेगॅलोडॉनचा तळहाताएवढा दात हवा असेल तर न्यू जर्सीच्या या ओढ्यात तो मिळणार नाही. तो शार्क पुष्कळ नंतरचा आहे. त्यासाठी मेरीलँडचे काल्व्हर्ट क्लिफ्स हे कडे आहेत. तिथले थर मायोसीन काळातले आहेत आणि चेसापीक उपसागराच्या लाटा दात किनाऱ्यावर आणून टाकतात. काल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कच्या वाहनतळापासून किनारा १.८ मैल चालत आहे, आणि कड्याखाली जाण्यास मनाई आहे, कारण कडे कोसळतात. ती मनाई मनापासून पाळा. फ्लोरिडात सरकारी जमिनीवर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म गोळा करायला परवाना लागतो. शार्कचे दात त्यातून वगळलेले आहेत. राष्ट्रीय उद्यानांत मात्र कुठेच काही उचलायचे नाही. जागा बदलली की कायदा बदलतो, एवढे ध्यानात ठेवा.

भारतातही शार्कचे दात देणारे थर आहेत. तमिळनाडूत अरियलूरच्या परिसरात क्रिटेशस समुद्राचे, ओडिशात बारीपाड्याजवळ मायोसीनचे. महाराष्ट्रात सिरोंचा तालुक्यातल्या वडधम इथे जीवाश्म उद्यान आहे. सुट्टीत इकडे आलात तर या जागा पाहा, फोटो घ्या, पण काही उचलू नका. वनजमिनीवरून किंवा संरक्षित जागेवरून काही नेणे गुन्हा ठरू शकते. पिसदुऱ्यासारख्या जागी तर एकेक मातकट गोळा अभ्यासाचा विषय आहे.

सुरुवात कशी करावी

पुढच्या चांगल्या रविवारी फक्त दोन-तीन तासांचा बेत आखा. एक चाळणी, एक वही, सोबतीला एक जाणता माणूस. पहिल्या दिवशी पाच वस्तू नाही मिळाल्या तरी चालेल. मिळाल्या तेवढ्यांची नोंद पूर्ण करा, मगच दुसऱ्या फेरीचा विचार करा. वर्षभर हे केले की तुमच्याकडे दातांइतकाच त्या ओढ्याचाही इतिहास जमा होतो: कोणत्या वळणावर काय मिळते, कोणत्या पुरानंतर काय वर आले.

मुलांना हे शिकवताना एक प्रश्न नेहमी विचारा, ‘हे कुठे सापडले ते तू दुसऱ्याला दाखवू शकशील का?’ ज्या मुलाला याचे उत्तर देता येते त्याने संशोधनाची पहिली पायरी ओलांडली आहे. हॅडनफील्डच्या पाहुण्यांच्या हाती डायनोसॉरची हाडे आली होती, पण त्यांतल्या एकाचीही नोंद उरली नाही. आपल्या पाच दातांबाबत ते व्हायला नको, आणि ते टाळायला एक पेन्सिल आणि एक वही एवढेच लागते. आजपासून ती सोबत ठेवा.